ताळेबंदाबाहेरचा धूर

तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या ‘ओएनजीसी’ने, २०३८ सालापर्यंत आपले कर्ब-उत्सर्जन ‘निव्वळ शून्या’वर आणण्याचा संकल्प सोडला आहे. जुलै २०२४ मध्ये या संकल्पाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०३८ पर्यंत सुमारे २ लाख कोटी रुपये खर्च व्हावयाचे असून त्यांपैकी जवळजवळ निम्मी रक्कम, म्हणजे ९७ हजार कोटी रुपये, २०३० पर्यंतच गुंतवावयाची आहे. भारत सरकारने २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत राष्ट्रासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले होते. सरकारच्याच मालकीचे महामंडळ त्याहून ३२ वर्षे आधी मुक्कामाला पोहोचू पाहते. इंडियन ऑइलने २०४६ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमने २०४० हे वर्ष धरले आहे. त्या मानानेही २०३८ ही तारीख धाडसाची आहे.

या संकल्पाचे स्वागत करावयास हवे, आणि ते करताना त्याचा अर्थही नीट समजून घ्यावयास हवा. हिशेबनिसासमोर कोणी ‘बाकी शून्य’ असे म्हटले, तर तो प्रथम एकच प्रश्न विचारतो : कोणत्या खात्यावर? ज्या संस्थेचा व्यवसायच जमिनीखालचा कर्ब वर काढून विकण्याचा आहे, तिचे उत्सर्जन शून्य होणार म्हणजे नेमके कोणते खाते शून्य होणार, हे मालक या नात्याने नागरिकांना कळले पाहिजे. कारण या महामंडळाचे सुमारे ५९ टक्के भाग सरकारचे, म्हणजे पर्यायाने जनतेचे आहेत.

समुद्रातील ज्योती

ऑगस्ट १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली, तेव्हा आसामबाहेर भारतात तेल सापडेल असा विश्वास फार थोड्यांना होता. परदेशी कंपन्यांना या कामात स्वारस्य नव्हते. केशवदेव मालवीय यांच्यासारख्या जिद्दी मंत्र्याने सोव्हिएत तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन शोध चालू ठेवला आणि १९६० मध्ये गुजरातमधील अंकलेश्वरला त्या जिद्दीचे फळ मिळाले. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. जगात तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले आणि भारताच्या परकीय चलनाच्या गंगाजळीला ओहोटी लागली. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या विंधनयंत्रणेला समुद्रतळाखाली तेल लागले. मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’मधून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. त्या काळच्या पिढीला या घटनेविषयी जो अभिमान वाटला, तो अनाठायी नव्हता. पुढील दशकात देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून बरेच अधिक तेल देशातच निघू लागले.

या यशोगाथेतील एका प्रकरणाची चर्चा मात्र क्वचितच होते. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येतो. तेल जहाजात भरून आणता येते. वायू आणावयाचा तर नळ हवेत, दाब वाढविणारी यंत्रे हवीत आणि तो घेणारे गिऱ्हाईकही हवे. हे सर्व उभे राहण्यापूर्वी तेल काढण्याची घाई होती. त्यामुळे वायू तेथेच पेटवून देण्यात आला. समुद्रातील प्लॅटफॉर्मांवरच्या त्या ज्योती रात्रंदिवस जळत राहिल्या. १९९०-९१ या वर्षी देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर वायू निघाला आणि त्यापैकी सुमारे ५ अब्ज घनमीटर, म्हणजे पाव हिश्श्याहून अधिक, जाळून टाकण्यात आला. त्याच काळात गावोगावी घरच्या गॅससाठी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या होत्या.

उरणचा प्रकल्प, अलिबागजवळील थळचा खत कारखाना, हजिऱ्याहून उत्तरेकडे गेलेली वायुवाहिनी यांमुळे पुढे ही उधळपट्टी पुष्कळ कमी झाली. ती कमी झाली ती आर्थिक शहाणपणामुळे. हवामानाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. यातून एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. जळून गेलेल्या त्या ५ अब्ज घनमीटर वायूतून सुमारे एक कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असणार. आज महामंडळ स्वतःचे म्हणून जे वार्षिक उत्सर्जन शून्यावर आणू पाहत आहे, ते सुमारे ९० लाख टन आहे. एका वर्षाची त्या काळची नुसती उधळपट्टी आजच्या साऱ्या संकल्पापेक्षा मोठी होती. कारभार सुधारला म्हणजे किती फरक पडतो, हे यावरून दिसते. आणि तो सुधारण्यास किती वर्षे लागतात, हेही.

तीन खाती

उत्सर्जनाचा हिशेब ठेवण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २००१ सालापासून रूढ झाली आहे. तीत प्रत्येक संस्थेच्या उत्सर्जनाची तीन खाती मांडली जातात. संस्थेच्या आवारात जे जळते ते पहिले खाते. तेलाच्या बाबतीत प्लॅटफॉर्मवर वीज निर्माण करणारी टर्बाइने, वायू दाबून पुढे ढकलणारी यंत्रे, त्या ज्योती, आणि नळांच्या सांध्यांतून व झडपांतून गळणारा मिथेन हे सारे त्यात येते. बाहेरून विकत घेतलेल्या विजेमागचा धूर हे दुसरे खाते. संस्थेने विकलेला माल गिऱ्हाइकाने वापरल्यावर जे उत्सर्जन होते, ते तिसऱ्या खात्यातील प्रमुख कलम.

साखर कारखान्याच्या किंवा छापखान्याच्या बाबतीत पहिली दोन खाती पाहिली म्हणजे बरेचसे चित्र समजते. तेल कंपनीचे तसे नाही. तिचा माल जाळण्यासाठीच विकला जातो. मोटारीच्या टाकीत, शेतातील पंपाच्या इंजिनात, स्वयंपाकघरातील शेगडीत तो जळतो तेव्हाच त्याचा उपयोग होतो. म्हणून तिचे तिसरे खाते हेच खरे मोठे खाते असते.

ते किती मोठे असते, याचा अंदाज शाळेतील रसायनशास्त्राच्या आधारे कोणालाही करता येईल. कर्बाचा अणुभार १२. त्याच्याशी हवेतील प्राणवायूचे ३२ भाग संयोग पावतात आणि ४४ भार कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कच्च्या तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कर्ब असतो. म्हणून एक टन तेल जळले म्हणजे सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दर हजार घनमीटरला हे प्रमाण दोन टनांच्या किंचित खाली येते. महामंडळ देशात दरवर्षी ढोबळमानाने दोन कोटी टन तेल आणि वीस अब्ज घनमीटर वायू काढते. तेलाचे सहा कोटी टन आणि वायूचे जवळजवळ चार कोटी टन मिळून सुमारे दहा कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो. काही तेलाचे डांबर, वंगण किंवा प्लॅस्टिक होते आणि ते लगेच जळत नाही. तेवढी वजावट केली तरी चित्र बदलत नाही.

एका बाजूला ९० लाख टन आणि दुसऱ्या बाजूला दहा कोटी टनांच्या आसपास, असा हा ताळेबंद आहे. २०३८ चा संकल्प पहिल्या दोन खात्यांपुरताच आहे आणि महामंडळानेही तो तसाच जाहीर केला आहे. त्यात लपवाछपवी काही नाही. परंतु वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘शून्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत येतो आणि खात्याचा क्रमांक गळून पडतो. गिऱ्हाइकांच्या व्यसनाचा विषय निघताच गुत्त्याच्या मालकाने स्वतः दारू सोडल्याची शपथ घ्यावी, तसे काहीसे हे आहे. शपथ खरी असू शकते, तिचे मोलही असू शकते; पण गावातील दारू त्यामुळे कमी होत नाही.

बचावाची बाजू

ही उपमा मर्यादेबाहेर ताणणे मात्र अन्यायाचे होईल. दारूवाचून चालते, डिझेलवाचून उद्याचा भाजीबाजार भरणार नाही. महामंडळाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, त्यांत तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पहिला मुद्दा दुहेरी मोजणीचा. डिझेल जाळणाऱ्या एस.टी. महामंडळाच्या पहिल्या खात्यात जो धूर नोंदला जातो, तोच तेल कंपनीच्या तिसऱ्या खात्यात पुन्हा येतो. हे खरे आहे. परंतु तिसऱ्या खात्याचा हेतू बेरीज करणे हा नाही. आपल्या निर्णयाचा परिणाम कोठवर पोहोचतो, हे संस्थेला कळावे यासाठी ते खाते आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. महामंडळाने उद्या एक पिंप कमी काढले, तर देशात एक पिंप कमी जळणार नाही. एक पिंप जादा आयात होईल, परकीय चलन जाईल आणि लांबवरून येणाऱ्या जहाजाचा धूर वर पडेल. तेलाचा वापर कमी करावयाचा तर तो मागणीच्या बाजूने करावा लागेल : रेल्वे, विजेवर चालणारी वाहने, शहरांतील सार्वजनिक वाहतूक यांच्या मार्गाने. ही कामे तेल महामंडळाची नव्हेत.

तिसरा मुद्दा न्यायाचा. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. अमेरिकेत ते सुमारे १४ टन आहे. शिवाय भारताच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे, तेलाचा नव्हे. ज्यांनी दीडशे वर्षे धूर ओकून संपत्ती जमविली, त्यांनी अंकलेश्वरच्या विहिरीकडे बोट दाखवावे, हे हास्यास्पद आहे.

हे सारे मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. महामंडळाने उत्पादन थांबवावे, अशी मागणी येथे नाही. जी संस्था २ लाख कोटी रुपये खर्चून एका खात्याचा निकाल लावणार आहे, तिने त्याच्या अकरा पट मोठ्या खात्याचा निदान आकडा दरवर्षी तितक्याच ठळकपणे मांडावा आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्याचे काय व्हावयाचे आहे ते सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. भारतीय रोखे व विनिमय मंडळाच्या, म्हणजे ‘सेबी’च्या, नियमांनुसार २०२२-२३ पासून देशातील पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक झाले आहे. त्यात पहिली दोन खाती सक्तीची आहेत आणि तिसरे ऐच्छिक आहे. कापडगिरणीसाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. तेल कंपनीसाठी ती म्हणजे मुख्य विषय ऐच्छिक ठेवून परीक्षा घेण्यासारखे झाले.

शक्य तेवढे काम

आता स्वतःच्या ९० लाख टनांचे काय? हे काम लहान असले तरी क्षुल्लक नाही, आणि त्यातील काही भाग तर ताबडतोब करण्याजोगा आहे.

सर्वांत आधी मिथेन. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच. तो जळला तर कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता गळून गेला तर वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवून ठेवतो. म्हणजे एखादी सैल झडप ही एखाद्या धुराड्याहून घातक ठरू शकते. गळती शोधून बंद करणे हे अवघड विज्ञान नाही. ते नियमित देखभालीचे काम आहे, आणि गळणारा वायू विकता येत असल्यामुळे त्याचा बराचसा खर्च भरून निघतो. महामंडळाने २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेशी करार करून या कामाचा आरंभ केला होता. आता वायू जाळण्याचे प्रमाण २०३० पर्यंत शून्यावर आणण्यासाठी ५ हजार कोटी रुपयांची तरतूद आराखड्यात आहे. २ लाख कोटींतील ही अगदी छोटी रक्कम. पण सर्वांत लवकर फळ देणारी.

त्यापुढील काम समुद्रातील विजेचे. प्लॅटफॉर्मवरची टर्बाइने तेथेच निघणाऱ्या वायूवर चालतात. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातील तेलक्षेत्रांवर कर्ब-कर बसविला आणि त्याचा परिणाम लवकरच दिसला. १९९६ मध्ये ‘ट्रोल’ क्षेत्रातील प्लॅटफॉर्मला किनाऱ्यावरून केबलने वीज पुरविण्यात आली, आणि त्याच वर्षी ‘स्लाइप्नर’ क्षेत्रात वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली गाडण्यास सुरुवात झाली. मुंबई हायला असे का करू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु नॉर्वेची वीज बहुतांश पाण्यावर निर्माण होते आणि भारताची कोळशावर. आजच्या स्थितीत किनाऱ्यावरून वीज नेली, तर धूर पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्यात जाईल. हवेतून तो कमी होणार नाही.

म्हणूनच सौर आणि पवनविजेला महत्त्व आहे. महामंडळाने २०३० पर्यंत दहा हजार मेगावॉट अपारंपरिक वीजक्षमता उभी करण्याचे ठरविले आहे. त्यासाठी २०२४ मध्ये स्वतंत्र उपकंपनी स्थापन झाली. २०२५ मध्ये एनटीपीसीच्या उपकंपनीबरोबर भागीदारीत ‘अयाना’ ही सुमारे चार हजार मेगावॉटची, काही पूर्ण व काही बांधकामाधीन प्रकल्प असलेली कंपनी विकत घेण्यात आली. ही पावले मोठी आहेत. पण येथेही हिशेबनिसाची नजर हवी. चालू असलेला पवनचक्क्यांचा प्रकल्प विकत घेतल्याने मालक बदलतो. देशातील स्वच्छ विजेत एका युनिटचीही भर पडत नाही. नवीन प्रकल्प उभारला तर भर पडते. पण ती वीज इतरांना विकून तिचे पुण्य स्वतःच्या धुराच्या खात्यावर वजा मांडले, तर प्लॅटफॉर्मवरील टर्बाइन पूर्वीसारखेच चालू राहते. ‘निव्वळ’ या विशेषणात अशा वजावटी दडलेल्या असतात. त्या किती आणि प्रत्यक्ष घट किती, हे दोन आकडे दरवर्षी वेगवेगळे प्रसिद्ध झाले पाहिजेत.

कर्ब गाडण्याच्या योजनेचेही असेच आहे. गुजरातमधील कोयली शुद्धीकरण कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड गांधार तेलक्षेत्रात नेऊन जमिनीत सोडण्याच्या योजनेसाठी इंडियन ऑइल आणि महामंडळ यांच्यात २०१९ मध्ये समझोता झाला. योजना तंत्रदृष्ट्या योग्य आहे. तिचा एक हेतू मात्र आटत चाललेल्या क्षेत्रातून अधिक तेल वर ढकलणे हा आहे. गाडलेला कर्ब पहिल्या खात्यात वजा होईल आणि त्याच्या जोरावर वर आलेले तेल ज्या तिसऱ्या खात्यात जमा व्हावयाचे, ते खाते संकल्पात नाही.

मालकाचे दोन आवाज

सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाची अडचण अशी की, त्याचा मालक एका तोंडाने दोन आज्ञा देतो. सरकारला २०७० चे वचन पाळावयाचे आहे आणि आयातीचा भारही कमी करावयाचा आहे. त्यासाठी महामंडळाने उत्पादन वाढवावे, असा आग्रह आहे. एके काळी दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल देणारे मुंबई हाय २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांवर आले होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्यासाठी निवड झाली. तेल व वायू मिळून उत्पादन दहा वर्षांत सुमारे ६० टक्क्यांनी वाढू शकेल, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे ज्या काळात पहिले खाते शून्याकडे न्यावयाचे, त्याच काळात तिसरे खाते फुगविण्याचा कार्यक्रम आहे. जुन्या क्षेत्रातून अधिक तेल काढावयाचे तर अधिक पाणी दाबून भरावे लागते, अधिक यंत्रे चालवावी लागतात. त्यामुळे पहिल्या खात्याचे कामही अवघड होते.

तिसरी आज्ञा बहुधा अर्थखात्याकडून येते. दरवर्षीचा लाभांश हवा असतो आणि कधी त्याहूनही अधिक. जानेवारी २०१८ मध्ये महामंडळाने सरकारचे हिंदुस्तान पेट्रोलियममधील ५१ टक्के भाग ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतले. सरकारच्याच एका खिशातील मालमत्ता दुसऱ्या खिशात गेली आणि रोख रक्कम तिजोरीत आली. त्यासाठी महामंडळाला कर्ज काढावे लागले. अशी पाळी पुन्हा आली, तर २ लाख कोटींच्या संकल्पातील पहिला काटछाटीचा धनी कोण होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. शिवाय त्या खरेदीबरोबर हिंदुस्तान पेट्रोलियमचे मुंबईतील माहूल आणि विशाखापट्टणम येथील शुद्धीकरण कारखानेही समूहात आले. त्यांच्या धुरासाठी वर्ष वेगळे, २०४० चे. समूह एक, वर्षे दोन, आणि गिऱ्हाइकाच्या धुरासाठी वर्षच नाही, अशी ही स्थिती आहे.

बाहेरचा अनुभवही सावध करणारा आहे. ‘बीपी’नेच २०२० मध्ये तेल-वायूचे उत्पादन २०३० पर्यंत ४० टक्क्यांनी घटविण्याचे जाहीर केले होते, २०२३ मध्ये ते उद्दिष्ट सौम्य झाले आणि २०२५ मध्ये कंपनीने पुन्हा तेलाकडेच मोहरा वळविला. नॉर्वे सरकारचे वर्चस्व असलेल्या ‘इक्विनॉर’ने मालाच्या वापरातील उत्सर्जनासह २०५० चे उद्दिष्ट स्वीकारले, ही मोठी गोष्ट होती, पण तिनेही २०२५ मध्ये मधले टप्पे शिथिल केले. सौदी अरेबियाच्या ‘अराम्को’चे २०५० चे वचन पहिल्या दोन खात्यांपुरतेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत ५० तेल कंपन्यांनी सनद स्वीकारली, त्यांत ओएनजीसीही होती. ती सनदही कंपन्यांच्या स्वतःच्या कामकाजापुरतीच असल्याने राष्ट्रसंघाचे सरचिटणीस आंतोनियो गुटेरेस यांनी तिच्या अपुरेपणावर तेथेच बोट ठेवले होते. भागधारकांचा दबाव आला की खाजगी कंपनी वचन सोडते, असे या अनुभवावरून दिसते. सरकारी महामंडळाचा मुख्य भागधारक सरकार असल्यामुळे येथे वचन टिकविणे किंवा मोडणे हा राजकीय निर्णय असणार. म्हणूनच तो संसदेपुढे असावयास हवा.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सार्वजनिक उद्योग आणि सरकार यांच्यात दरवर्षी उद्दिष्टांचा करार होण्याची प्रथा १९८० च्या दशकापासून आहे. उत्पादन आणि नफा यांच्या जोडीला मिथेनची मोजलेली गळती आणि तिन्ही खात्यांचे आकडे यांना त्या करारात स्पष्ट स्थान देता येईल. पेट्रोलियम विषयाची संसदीय स्थायी समिती आणि महालेखापरीक्षक या संस्था अस्तित्वात आहेत. पैशाप्रमाणे धुराचेही लेखापरीक्षण त्यांच्या कक्षेत आणता येईल. आणि २०३८ नंतर, मुंबई हायचे तेल खरोखरच संपत आल्यावर, समुद्रात काम करण्याचे कौशल्य असलेल्या या हजारो अभियंत्यांनी आणि कामगारांनी काय करावयाचे, याचा आराखडा आजच व्हावयास हवा. समुद्रातील पवनचक्क्या उभारणे किंवा समुद्रतळाखाली कर्ब साठविणे यांसाठी लागणारे ज्ञान याच लोकांजवळ आहे.

हा विषय दूरच्या परिषदांचा आहे, असा समज कोकणात तरी आता उरलेला नसावा. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. त्या वादळात मुंबई हायजवळ कामगारांच्या निवासाचा तराफा बुडाला, सोबतची एक नौकाही गेली, आणि ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या रात्री सुरक्षिततेचे कोणते निर्णय चुकले, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. परंतु अरबी समुद्राचे पाणी तापत आहे आणि त्यातील चक्रीवादळांची संख्या, तीव्रता व कालावधी वाढत आहे, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. ज्या समुद्रातून हे राष्ट्र पन्नास वर्षे तेल काढीत आले, तोच समुद्र आता त्या तेलाचा हिशेब मागू लागला आहे. जे कामगार बुडाले त्यांच्यासाठी धूर पहिल्या खात्यातला की तिसऱ्या, हा भेद अस्तित्वात नव्हता.

आज दहावीच्या वर्गात बसलेली मुले २०३८ साली तिशीच्या उंबरठ्यावर असतील. तेव्हा महामंडळ ‘बाकी शून्य’ असे जाहीर करील, आणि ते खरेही असेल. मात्र त्यांच्या शिक्षकांनी त्यांना हिशेबनिसाचा तो जुना प्रश्न आजच शिकवून ठेवावा : कोणत्या खात्यावर?